मदत न करण्याचा वर्ग

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि आता गेली चार वर्षं सेवा कशी करू नये ते मुलींना शिकवते. हे वाक्य कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या वयाकडे बघतो आणि विषय बदलतो. माझ्या सख्ख्या भावाने तर विचारलं होतं, "ताई, तब्येत बरी आहे न तुही?" तेव्हा दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या कामावर लिहा म्हटल्यावर मी आढेवेढे घेतले नाहीत. एकदाचं सगळ्यांना सांगून मोकळं व्हावं म्हटलं.

पांढरकवड्याला हैदराबाद रस्त्यावर टायरची दुकानं, ढाबे आणि गॅरेजं यांच्या रांगेत एक लांबट हॉल आहे. नर्सिंग झालेल्या मुली तिथे वर्षभर जर्मन शिकतात आणि जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नोकरीला जातात. भाषा शिकवायला वेगळ्या बाई आहेत, तरुण आणि सोशिक. माझ्याकडे प्रत्यक्ष काम आहे. निवृत्त झाल्यावर दोन महिने मी घरात बसून पापड केले आणि सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसलं. तिसऱ्या महिन्यात संस्थेचे संचालक विचारायला आले तेव्हा माझ्या आधी सूनच हो म्हणाली.

जर्मनीला पांढरकवड्याच्या मुली कशाला हव्यात, हा प्रश्न मलाही पडला होता. गोष्ट साधी आहे. तिकडे माणसं खूप वर्षं जगतात आणि मुलं कमी होतात. म्हाताऱ्यांची संख्या वाढली, त्यांना उठवणारे-बसवणारे हात कमी पडले. लोकांनी जास्त वर्षं काम करावं म्हणून सरकारने निवृत्तीचं वय वाढवत नेलं, तरी हात पुरेनात. मग बाहेरच्या देशांतून नर्स आणण्याचे नियम सैल केले. अर्थात आपलं प्रमाणपत्र तिकडे जसंच्या तसं चालत नाही. भाषा यावी लागते, त्यांच्या पद्धतीने काम करून दाखवावं लागतं, मगच पक्की मान्यता मिळते.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते त्यांच्या एका विम्याचं. तिथे कमावणाऱ्या माणसाच्या पगारातून पेन्शनसाठी कापतातच, शिवाय उद्या आपल्याला अंघोळ घालायला, भरवायला कोणी लागलं तर त्यासाठीही वेगळं कापतात. जवळजवळ सगळ्यांचंच. म्हणजे आपण एक दिवस परावलंबी होणार हे पूर्ण देशाने तरुणपणीच मान्य करून टाकलंय. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. आपल्याकडेही हा विमा आहे. आपण त्याला सून म्हणतो.

त्या विम्याचा लाभ द्यायच्या आधी एक तज्ज्ञ घरी येऊन बघतो. शर्ट घालता येतो का, घास तोंडापर्यंत नेता येतो का, संडासला एकट्याने जाता येतं का. त्यावरून माणसाची पायरी ठरते. अशा पाच पायऱ्या आहेत. पायरी जितकी वरची, तितकी मदत जास्त. आणि वृद्धाश्रमातल्या नर्सचं खरं काम काय, तर माणूस ज्या पायरीवर आहे तिथेच त्याला जास्तीत जास्त दिवस धरून ठेवायचं. म्हणून तिथला पहिला नियम असा: जे रुग्णाला करता येतं, ते नर्सने करायचं नाही. वेळ लागला तरी नाही.

ऐकायला सोपं आहे. आमच्या मुली भाषेत फारशा अडखळत नाहीत, इथे मात्र आपटतात. समोर म्हातारं माणूस चमच्याशी झगडतंय आणि आपण बघत उभं राहायचं, हे त्यांच्या रक्तातच नाही. त्यांना लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं. आजोबांनी पाणी मागायच्या आत तांब्या पुढे आला पाहिजे.

सुरुवातीला सरावासाठी एक प्लॅस्टिकचा पुतळा होता. त्याचा उपयोग शून्य. तो कधी नाही म्हणत नाही, चिडत नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतः काही करायचा प्रयत्न करत नाही. मग मी आजूबाजूची खरीखुरी म्हातारी माणसं बोलवायला लागले. त्यातल्या एक कोंडाबाई. त्यांना सांगितलं होतं, तुम्ही जर्मन म्हातारी आहात, तुम्हाला कोणी हात लावलेला आवडत नाही. कोंडाबाईंनी भूमिका इतकी मनावर घेतली की एका मुलीच्या अंगावर त्यांनी चहा फेकला आणि म्हणाल्या, "हात कायले लावतं वं? मी जर्मन आहो!" तेव्हापासून आम्ही सरावाला कोमट चहा ठेवतो.

पण खरे गुरू भेटले ते भिंतीपलीकडे. आमच्या हॉलला लागून इम्रानचं गॅरेज आहे. त्याचे वडील युसूफ मिस्त्री. या रस्त्यावरचे जुने ट्रकवाले त्यांचं नाव अजून आदराने घेतात. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचे. त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र मांडीवर पडून असायचा. त्यांची सून नसरीन त्यांना सकाळी गॅरेजबाहेर खुर्चीत आणून बसवायची आणि दिवसातून तीनदा येऊन आपल्या हाताने भरवायची. दोन वर्षं एक दिवस खंड नाही. शर्टाची बटणं लावणं, तोंड पुसणं, केस विंचरणं, सगळं तीच करायची. मोहल्ल्यात बायका आपल्या सुनांना नसरीनचं उदाहरण द्यायच्या. मीही येता-जाता बघून मनात म्हणायची, काय पोरगी आहे!

युसूफचाचांना बसून बसून कंटाळा आला होता. मी सरावाला येता का विचारलं तर म्हणाले, "चलो, बेकार बैठने से तो अच्छा." त्यांची जबाबदारी मी संगीताला दिली.

संगीता आत्राम मुकुटबनच्या पुढच्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीतली. घरात नर्स झालेली पहिली. अंगाने बारीक, बोलणं कमी, हात मात्र इतके हुशार की सलाइनची सुई तिने एकदाही चुकवलेली मी पाहिली नाही. दवाखान्यात असती तर मी तिला डोळे झाकून वॉर्ड सोपवला असता. आणि नेमकी तीच या वर्गात सगळ्यांत कच्ची निघाली. चाचांचा हात हलायच्या आत हिचा हात पोहोचलेला असायचा.

आमच्याकडे एक चाचणी असते. तिकडच्या वृद्धाश्रमांतर्फे एक बाई येऊन प्रत्येकीचं प्रत्यक्ष काम बघतात. दोन संधी मिळतात. दोन्ही गेल्या तर त्या मुलीचं नाव यादीतून कायमचं जातं, मग भाषेत कितीही गुण असोत. मागच्या वर्षी आलेल्या बाईंचं नाव ब्रिगिटे. आम्ही त्यांना ब्रिगिटेबाई म्हणायला लागलो. साठी कधीच ओलांडलेली, उंच, पायात खेळाडूंचे बूट. मी अठ्ठावन्नला निवृत्त झाले हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळा अर्धवट सोडली होती. त्यांची स्वतःची आई नव्वदीच्या पुढे, एका वृद्धाश्रमात. तिला सांभाळणारी नर्स केरळची. "तुमच्या मुली फार प्रेमळ असतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी खूश होऊन मान डोलावली. त्यांनी वाक्य पुरं केलं, "पहिलं वर्ष त्यांना तेवढं विसरायला लावण्यात जातं."

संगीताची पहिली चाचणी सहा मिनिटांत आटोपली. काम होतं चाचांचा शर्ट बदलणं आणि चहा. शर्टाला चाळीस मिनिटं दिली होती. तिने सफाईने लुळा हात आधी बाहीत घातला, मग चांगला. अर्धांगवायूत हाच क्रम असतो, कपडे काढताना उलटा. बटणं लावली, कॉलर नीट केली, केस विंचरले, कप ओठाला लावून चहा पाजला, ओठ पुसले आणि अभिमानाने बाजूला उभी राहिली. मलाही क्षणभर वाटलं, उत्तम. तीस वर्षांची सवय अशी जात नाही. ब्रिगिटेबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "नर्स मला दिसली. रुग्ण कुठे होता?"

संगीता नापास झाली. तीन महिन्यांनी दुसरी आणि शेवटची संधी.

ती रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, मले नाही जमत हे. म्हातारा मानूस घामाघूम होऊन राह्यला अन् मी काय तमाशा पाहू?"

मी म्हटलं, "तमाशा नाही पाहायचा. मोजायचं."

ही माझी स्वतःची युक्ती. माणूस अडला की लगेच हात पुढे करायचा नाही. मनात तीसपर्यंत मोजायचं, तेही जर्मनमध्ये, म्हणजे आकडेही पक्के होतात. तीस झाले तरी अडलेलाच असेल तर फक्त तोंडाने सांगायचं. पुन्हा तीस. मग बोटाने दाखवायचं. पुन्हा तीस. मग त्याचा हात धरून सुरुवात करून द्यायची. आणि काहीच चाललं नाही तर शेवटी आपण करायचं, तेही विचारून.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये पुटपुटणं सुरू झालं. आइन्स, झ्वाय, द्राय. बाहेर ट्रक हॉर्न देताहेत, आत संगीता दोन्ही मुठी वळून आकडे मोजतेय आणि समोर चाचा एका बटणाशी भांडताहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ये क्या मंतर पढ़ती रे तू?"

"चाचा, तुमाले मदत नाही करायचा मंतर हाय."

"अच्छा," चाचा म्हणाले. "पढ़ ले फिर जोर से."

पहिल्या आठवड्यात एकही बटण लागलं नाही. दुसऱ्या आठवड्यात चाचांनी डाव्या हाताने एक लावलं आणि पूर्ण हॉलकडे असं पाहिलं, जसं बंद पडलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू केल्यावर पाहत असतील. दोन महिने होत आले तेव्हा त्यांचा उजवा अंगठा हलायला लागला. बटणाला टेकू द्यायला तो डाव्या हाताजवळ यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. तेही बरोबरच होतं. पण आलेलं कोणी वापरूच दिलं नाही तर ते आलंय हे कळणार कसं?

आणि नेमकं तेव्हा चाचा यायचे बंद झाले.

झालं असं की नसरीन एका दुपारी डबा घेऊन लवकर आली. दारातून तिने पाहिलं, सासऱ्यांच्या कपाळावरून घाम गळतोय, शर्ट अर्धा अंगावर, आणि एक धडधाकट नर्स शेजारी नुसती उभी आहे. ती तडक आत आली, शर्ट घातला, चाचांना उठवलं आणि घेऊन गेली. पुढचे आठ दिवस खुर्ची रिकामी होती. संगीताच्या चाचणीला महिना राहिला होता. कोंडाबाई तयार होत्या, पण त्यांना दोन्ही हातांनी सगळं येत होतं, त्यांच्यावर काय सराव करणार?

संगीताने या आठ दिवसांत मला एकच प्रश्न विचारला आणि तो चाचांबद्दल नव्हता. "मॅडम, मी तिकडं जाऊन त्याइच्या म्हाताऱ्याइले पाहीन. माह्या पोडावर माह्या आजीले कोन पाहीन?" आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उपकेंद्र चार कोस लांब.    आपण आपल्या सगळ्यांत चांगल्या मुली निवडून, घासूनपुसून, दुसऱ्यांच्या आईबापांकडे पाठवतो, हे मला टोचतं. तिला मात्र मी एवढंच म्हटलं की आजीचं ऑपरेशन तू जायच्या आधी करून घेऊ. ते आम्ही केलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

नवव्या दिवशी नसरीन आली, एकटीच. मला वाटलं भांडायला आली. ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"मॅडम, अब्बा मेरे हाथ का खाते नहीं अब. मुँह बंद कर लेते. चम्मच छीनते. आधा कपडों पे गिराते. मेरे से क्या गलती हुई, बताओ."

"तुझी काही चूक नाही झाली."

"फिर? लोग क्या बोलेंगे? दो साल मैंने बच्चे के जैसा सँभाला. अब पडोसवाली पूछती, काय को खुद खा रहे, तूने छोड़ दिया क्या?"

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी नवऱ्यालाही धड सांगितलेली नाही.

माझी आई मारेगावची. सडसडीत, कामसू, पहाटे उठून पांढरं लुगडं नेसून बुद्धवंदना म्हणणारी. ती घसरून पडली, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. मी तिला माझ्याकडे यवतमाळला आणलं. मी सिस्टर, हाताखाली वॉर्ड चालवणारी, मग माझ्या आईला मी त्रास होऊ देईन? ती उठायला लागली की मी म्हणायची, आई, पड तू, मी आहे न. पाणी पलंगावर, जेवण पलंगावर, अंघोळ पलंगावर. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही, चादरीला एक सुरकुती नाही. नातेवाईक येऊन म्हणायचे, लेक असावी तर अशी. आणि मला ते गोड वाटायचं. चार वर्षं ती त्या पलंगावर होती. शेवटी शेवटी तिला कुशीवर वळणंही आठवत नव्हतं. दुखण्याने तिला पलंगावर आणलं होतं महिनाभरासाठी. बाकीची वर्षं तिला मी झोपवून ठेवलं, नसरीन, या दोन हातांनी. आणि मला हे कळलं ते ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, या हॉलमध्ये, परक्या देशाचा नियम फळ्यावर लिहिताना. त्या दिवशी मी वर्ग अर्ध्यात सोडून घरी गेले होते.

नसरीनने ओढणीने डोळे पुसले, उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता चाचा खुर्चीत होते.

दुसऱ्या चाचणीला ब्रिगिटेबाई पुन्हा आल्या. तीच खोली, तोच शर्ट, चाळीस मिनिटं. चाचांना आणायला नसरीन आली होती. तिला दाराशी बसू दिलं, अट एकच, मधे कोणी यायचं नाही. चाचणीत रुग्णाला बाहेरच्या कोणी हात लावला तर चाचणी रद्द.

संगीताने आधी विचारलं, "चाचा, शर्ट घालू?"

"मैं पहनता," चाचा म्हणाले.

लुळा हात बाहीत घालायला दहा मिनिटं गेली. बाही कोपरावर अडकली. संगीताचे ओठ हलत होते. तीस झाले, ती म्हणाली, "खांद्याकडून ओढा." पुन्हा तीस. चाचांनी डाव्या हाताने खांद्यावरून ओढली, बाही वर सरकली. मग दुसरा हात. मग बटणं. खालून पहिलं लागलं, दुसरं लागलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्याच पदराचं टोक पिळत होते. पस्तिसाव्या मिनिटाला शेवटचं बटण लागलं आणि चाचांनी मोठा श्वास सोडला.

शर्ट वाकडा होता. एक बटण चुकलं होतं, त्यामुळे कॉलर एका बाजूला वर आली होती.

संगीताने ते पाहिलं. मला दिसलं की तिने पाहिलं. काही न बोलता काम झालं म्हटलं असतं तर वेळेत बसत होतं. आपल्या हाताने नीट केलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं, पण पहिल्या वेळची चूक तीच होती. तिने टेबलावरचा आरसा उचलला आणि चाचांसमोर धरला. बस, एवढंच केलं.

चाचांनी आरशात पाहिलं. "अरे!" म्हणाले, आणि वरून सगळी बटणं उघडायला लागले.

घड्याळाचा काटा पुढे गेला. चाळीस मिनिटं संपली तेव्हा तीन बटणं राहिली होती. चाचांचा डावा हात थकून थरथरत होता. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नसरीन उठून पुढे आली होती, हात लांब केलेला. संगीता तिच्या आणि चाचांच्या मधे आली. दम दिला नाही, ढकललं नाही. हळू आवाजात म्हणाली, "भाभी, थांबा न जरा. चाचा करून राह्यले."

नसरीनचा हात तसाच हवेत राहिला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. चाचांनी मान वर केली नाही, त्यांचं सगळं लक्ष बटणात होतं. तिने हात मागे घेतला आणि तिथेच उभी राहिली. मला वाटतं त्या खोलीत सगळ्यांत अवघड काम त्या वेळी तीच करत होती.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला शेवटचं बटण लागलं. चाचांनी डाव्या हाताने कॉलरवरून हात फिरवला आणि चहा मागितला. कपाचा कान उजव्या हाताच्या बोटांत अडकवून, डाव्याचा आधार देऊन ते प्यायले. थोडा सांडला. ब्रिगिटेबाईंनी मला सांगितलं, यांना विचारा, नर्सची मदत कशी वाटली.

मी विचारलं. चाचांनी मिश्या पुसल्या. "उनको बोलो, लिखो, युसूफ मिस्त्री ने खुद पहनी."

मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत तसंच सांगितलं. ब्रिगिटेबाईंनी तेच वाक्य कागदावर लिहिलं. वेळेच्या रकान्यात लिहिलं, सात मिनिटं जास्त, योग्य कारणासाठी. मग उठून त्यांनी चाचांशी हात मिळवला. उजवा हात पुढे केला आणि तो वर येईपर्यंत थांबल्या.

संगीता पास झाली. आता ती एका छोट्या गावच्या वृद्धाश्रमात आहे. रविवारी फोन करते. पहिल्या पगाराची पावती तिने मला पूर्ण वाचून दाखवली, पेन्शनचं कापलेलं, सांभाळाच्या विम्याचं कापलेलं. मी म्हटलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "नाही मॅडम. पुऱ्या देशाची सून झाली मी, असं वाटलं. पन सुनेले बी म्हातारपनी पेन्शन भेटते इथं." तिच्याकडे एक आजी आहेत, तरुणपणी ट्राम चालवायच्या. त्या रोज सकाळी पावाला लोणी स्वतः लावतात, वीस मिनिटं लागतात, आणि संगीताने सुरीकडे नुसतं पाहिलं तरी दटावतात. त्या आजींबद्दल ती ज्या कौतुकाने बोलते, ते ऐकून मला माझ्या चार वर्षांच्या नोकरीचं चीज झाल्यासारखं वाटतं.

ईदला चाचांकडून बोलावणं आलं. मी गेले. जमिनीवर जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलेलं, मधे शीरखुर्म्याचं पातेलं. चाचा पातेल्याजवळ बसले होते. अंगात नवा कुडता, सगळी बटणं लावलेली. मी बसल्याबरोबर त्यांनी पळी उचलली, उजव्या हातात, डाव्याने मनगट धरून. पळी थरथरत वाटीकडे निघाली. थोडं दूध कापडावर सांडलं, मग आणखी थोडं. इम्रान पळी घ्यायला अर्धवट उठला.

नसरीनने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बैठो तुम," ती म्हणाली. "अब्बा दे रहे."

इम्रान बसला.  बऱ्याच वेळाने वाटी माझ्यापर्यंत आली, अर्धीच भरलेली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.